आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

गोरेगाव या आमच्या लहानशा गावात बाजाराच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत कमावतो, पावसाळ्यात माशा मारतो, एकूण बरं चाललं आहे. वैताग येतो तो घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवरचा फोटो करून मागायला लोक येतात तेव्हा. धड फोटोच नसतो. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा कापायचा, खांद्यावरचा परका हात पुसायचा आणि मोठा करून द्यायचा. आई काउंटरमागे बसून हे सगळं बघत असते. म्हणून गेल्या हिवाळ्यात, चांगली ठणठणीत असताना, ती ठेवणीतलं लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

"माहा फोटो आताच काढून ठेव," ती म्हणाली. "नाहीतं कोनाच्या लग्नातून मले कापशीन."

नवा कॅमेरा नुकताच घेतला होता. भिंगातून आलेल्या उजेडाचं चित्र करते ती त्याच्या पोटातली चिप, म्हणजे प्रोसेसर, फार शहाणी. गर्दीत चेहरा हुडकते, चेहऱ्यात डोळा हुडकते. एका लग्नात तिने नवरदेवाला सोडून मागच्या कॅलेंडरवरच्या देवाचे डोळे धरले होते.

माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला असली अक्कल नव्हती. एक फोटो काढला की त्याचा लाल दिवा लुकलुकत राहायचा, तो विझेपर्यंत पुढचा फोटो निघायचा नाही, आणि तोवर मी नवरानवरीला हार हातात धरून उभं ठेवायचो. मांडवातल्या अपुऱ्या उजेडात फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. पुढे कॅमेरे बदलत गेले तशा चिपाही तल्लख झाल्या. दिव्यासाठी थांबावं लागेना, दाणे दिसेनात, आणि शेवटी माणसांच्या सुरकुत्याही जाऊ लागल्या. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

नव्या कॅमेऱ्याने काढलेला आपला फोटो आईने जवळून पाहिला, लांब धरून पाहिला.

"हे कोन होय?"

"तूच होय."

"माहे ठिपके कुठं गेले?"

तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके आहेत. चिपने ते डाग समजून पुसून टाकले होते आणि रंगही उजळ केला होता. आई लहान असताना तिच्या आईने तिला बाजारात नेऊन, मांडीवर डोकं धरून, गोंदणारीकडून ते टोचून घेतले. स्वतःच्या हनुवटीवर होते अगदी तसेच. त्याच पावसाळ्यात आजी तापाने गेली. तिचा फोटो नाही. आईला तिचा चेहरा आठवत नाही, ठिपके तेवढे आठवतात.

"पितरात ह्या फोटोपुढं तू निवद ठेवशीन," आई म्हणाली. "तो ह्या गोऱ्या बाईले पोचन. मी अन् माही आई तिकडं उपाशी."

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चेहरा गुळगुळीत करायचं सेटिंग बंद करून पुन्हा फोटो काढला. ठिपके आले, पण फिकट, अर्धे पुसल्यासारखे. चिपची खोड काही जाईना. मला त्या चिपचा मनापासून राग आला. शेवटी कपाटातून जुना कॅमेरा काढला, बॅटरी चार्ज केली आणि आईला दारातल्या उन्हात बसवलं. तिने हनुवटी वर केली. लाल दिवा लुकलुकायला लागला.

"झालं, हाल आता," मी म्हणालो.

"दिवा बंद होऊ दे," ती न हलता म्हणाली.

फोटोत सुरकुत्या आल्या, कपाळावर ऊन जरा जास्तच आलं आणि तीन ठिपके हिरवेगार आले. इतक्या समाधानाने फोटो मी बऱ्याच वर्षांत काढला नव्हता. फ्रेम करून दिला. तिने तो लुगड्यांच्या पेटीत ठेवला.

परवा दुपारी जेवायला घरी गेलो, तर आई पेटी उघडून फोटो मांडीवर घेऊन बसली होती. ती पदराने काच पुसत होती.

"सोताले किती पायशीन?" मी तिला चिडवलं.

"मले कायले पाहू?" ती म्हणाली. "म्हातारी झाली असती तं माही आई अशीच दिसली असती. तिले पाहून राहिली."