गाण्यातले खालचे काका

ही हकीकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. टाळाटाळ मला नवीन नाही, सरकारी कचेरीत माझा जन्म गेला. पण तिथं टाळलेली गोष्ट निदान कपाटात गप्प पडून राहायची. ही राहिली नाही. हिचं गाणं झालं, ते भाच्याच्या हळदीत वाजलं, आणि नाचणारी पोरं माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "काका, ठोका!"

आमची इमारत नाशिकला इंदिरानगरात. आम्ही पहिल्या मजल्यावर. आमच्या बरोबर डोक्यावर एक भाडेकरू कुटुंब राहायचं: आई, वडील आणि दहावीतली मुलगी. मुलीकडे एक जुना कीबोर्ड होता आणि ती गाणी रचायची. म्हणजे एक ओळ घ्यायची आणि ती ओळ दमेपर्यंत म्हणत राहायची. ओळ दमायची नाही, मी दमायचो. तिची गाण्याची वेळ आणि माझी बातम्यांची वेळ एकच होती. मग मी गॅलरीतून कपडे वाळत घालायची काठी आणायचो आणि छताला तीनदा ठोकायचो. वरचा आवाज बंद व्हायचा. थोड्या वेळानं अगदी हळू, चोरपावलांनी, पुन्हा सुरू व्हायचा.

ती मुलगी आता मोठी गायिका झाली आहे. स्वतःची गाणी स्वतः लिहिते. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्या घरावर आहे. त्यात वर गाणारी मुलगी आहे, खालचे काका आहेत आणि काकांची काठीही आहे. फक्त गाण्यातले काका पहिल्या कडव्यातच काय ते चिडतात. दुसऱ्या कडव्यात त्यांची काठी तालात पडायला लागते. तिसऱ्यात मुलगी काठीची वाट पाहून मगच गायला बसते. मग येतो घरमालक. द्राक्षांच्या गावचा, काळ्या चष्म्याचा, दगडाच्या काळजाचा. तो परीक्षेच्या तोंडावर त्यांना घराबाहेर काढतो. सामान टेम्पोत चढतं, आणि शेवटच्या क्षणी काका जिना उतरून येतात आणि टेम्पोच्या फळीवर काठीनं तीन ठोके देतात. गाणं संपतं. इथं लोक रडतात, असं ऐकून आहे. माझी नात रडली ते मी स्वतः पाहिलं.

मी टेम्पोपाशी गेलो नव्हतो. मी दाराच्या भिंगातून बघत होतो.

आणि घरमालकाला फोन मी केला होता. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. "तुमच्या भाडेकरूंबद्दल सगळ्यांच्या तक्रारी आहेत," मी म्हणालो. सगळे म्हणजे मी. घरमालक पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचे व्यापारी. त्यांना मी भाऊ म्हणतो. "साहेब, तुम्ही म्हणता तर सांगतो खाली करायला," ते म्हणाले. "पण पोरीची दहावी हाय ना यंदा?" त्यावर मी म्हणालो, "दहावी सगळ्यांच्याच मुलांची असते, भाऊ." हे वाक्य बोलताना मला ते फार मुद्देसूद वाटलं होतं. ती माणसं देवळाली कॅम्पला कुणा नातेवाइकाच्या दोन खोल्यांत गेली. माझ्या बातम्या मला नीट ऐकू यायला लागल्या. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, हे तेव्हा कळलं.

गाणं आलं तेव्हा माझी नात कॉलेजात होती. डोळे पुसत ती माझ्यासमोर उभी राहिली. "आबा, खरं सांगा, हे खालचे काका म्हणजे तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही तिला ताल द्यायचात?"

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतका आदर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. "द्यायचो जमेल तसा," मी म्हणालो. आत स्वयंपाकघरात बायकोनं पातेल्यावर झाकण आपटलं.

पुढच्या रविवारी नातीनं तिच्या ग्रुपला घरी आणलं. त्या गायिकेच्या चाहत्यांचा ग्रुप. त्यांचं काम एकच, तिच्या गाण्यात खरं किती आणि रचलेलं किती यावर भांडायचं. आमच्या सोफ्यावर, सतरंजीवर, खिडकीत बसून ती मुलं चिवडा खात भांडू लागली.

"शंभर टक्के तिचंच आयुष्य आहे. ती स्वतः म्हणाली, मी इंदिरानगरात राहायचे."

"इंदिरानगर खरं असेल रे. माणसं बनवलेली असतात. ते ब्रेकअपचं गाणं घे. त्यातला मुलगा पेठ तालुक्यातला शेतकरी. पुढच्या गाण्यात तोच मुलगा जहाजावर!"

"पेठचा मुलगा जहाजावर जाऊ शकत नाही का?" कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली. "मी पेठची आहे."

"तसं नाही ग..."

"तसंच म्हणालास तू."

एक दाढीवाला मुलगा तेवढा गंभीर होता. तो मानसशास्त्र शिकत होता. "तुम्ही सगळे चुकताय," तो म्हणाला. "खालचे काका असा माणूसच नाही. ती तिच्या मनातली भीती आहे. खालून येते, दिसत नाही, नुसती ठोकते. ते रूपक आहे."

"अरे, ते समोर बसलेत," नात म्हणाली. "चिवडा खातायत."

"आजोबांबद्दल मला आदर आहे. पण आजोबा वेगळे आणि गाण्यातले काका वेगळे."

त्या अख्ख्या दुपारी माझ्याबद्दल एवढंच एक खरं वाक्य बोललं गेलं, आणि त्याबद्दल सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्याला गप्प केलं.

बायको चहा घेऊन आली. "काकू लाडू पाठवायच्या, असं आहे ना ग त्या गाण्यात?" तिनं विचारलं.

"हो आजी! बेसनाचे!"

"लाडू नव्हते. नारळाच्या वड्या होत्या. त्याही मी यांना न सांगता द्यायचे."

"म्हणजे लाडू खोटे," कुणीतरी हळहळलं. "बघ, मी म्हणत होतो!" दुसरा ओरडला. न सांगता का द्यायच्या, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मी देवाचे आभार मानले.

मग व्हायचं तेच झालं. "आजोबा, काठी दाखवा ना!"

खरी काठी केव्हाच मोडली होती. आता आमच्याकडे कपड्यांना दोरीनं वर ओढायचे स्टँड आहेत. पण ही वेळ येणार हे ओळखून मी आदल्या दिवशी भद्रकालीच्या बाजारात जाऊन नवा बांबू आणला होता आणि तो जुना दिसावा म्हणून चहाच्या काढ्यानं पुसून उन्हात ठेवला होता. मुलांनी काठी हातोहात फिरवली, फोटो काढले. एकीनं तिला नमस्कार केला. पेठच्या मुलीनं ती नाकाशी नेली. "आजोबा, हिला चहाचा वास येतोय."

"त्यांच्या सगळ्या वस्तूंना येतो," बायको म्हणाली. तिनं मला वाचवलं की सुनावलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी इथंच थांबलो असतो, तर एक म्हातारा थोडासा खोटारडा निघाला, एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस पिंपळगावहून भाऊंचा फोन आला.

"साहेब, ते गाणं ऐकलं का तुम्ही? सून लावती घरात. मी म्हणलं, हा घरमालक कोण ब्वॉ? सून हसायला लागली."

"गाणंच आहे ते, भाऊ."

"ते खरंय. पण पोरं पत्ता काढून येतात हितं, द्राक्षांच्या पॅकहाउसच्या गेटवर, फोटो काढतात. एक जण म्हणला, काका, जरा काळा चष्मा घाला ना. मला चष्माच नाय, साहेब! नातवाला शाळेत 'दगड्या' म्हणतात. लय रडतं पोरगं. शाळेत जायला नको म्हणतं. तुमची तिची वळख हाय. एकदा सांगा तिला, म्हातारा एवढा वाईट नव्हता. तुम्ही म्हणले म्हणून मी..."

"सांगतो," मी घाईनं म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

ती नाशिकला कार्यक्रमासाठी येणार होती. नातीच्या ग्रुपनं खटपट करून तिला भेटायची सोय केली. मी माफीचा मसुदा करायला बसलो आणि तयार झाल्यावर बायकोला वाचून दाखवला. "तत्कालीन परिस्थितीत सोसायटीच्या शांततेच्या दृष्टीने माझ्याकडून जो दूरध्वनी करण्यात आला, त्यामुळे आपल्या कुटुंबास जी गैरसोय..."

"ही माफी आहे की परिपत्रक?" ती म्हणाली. "'करण्यात आला' म्हणजे काय? कुणी केला?"

"मी."

"मग मी म्हणा. आणि गैरसोय काय? नळ बंद होता का त्यांचा?"

असं करत करत तिनं सगळं छाटलं. शेवटी उरलं ते इतकं आखूड होतं की मला उघड्यावर आल्यासारखं वाटलं. "एवढंच पाठ करा," ती म्हणाली. अंघोळ करताना, दळण आणताना, मी ते पाठ केलं.

कार्यक्रम गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये होता. आम्ही पुढच्या रांगेत. पिंपळगावहून मुद्दाम आलेले भाऊ माझ्या शेजारी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मांडीवर द्राक्षांची पेटी घेऊन. ते गाणं सुरू झालं तसे लोकांनी खुर्च्यांच्या हातांवर ठोके दिले. हजारो लोक एकाच वेळी माझा राग वाजवत होते. भाऊंनीही पेटीवर तीन ठोके दिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गाणं चांगलं हाय, पण."

नंतर प्रश्न विचारायला माइक फिरला. तो नेमका दाढीवाल्याच्या हातात पडला. "खालचे काका रूपक आहेत ना?"

ती हसली. "नाही रे. काका खरे होते. काठीही खरी होती. ताल मी घातला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नम्रतेचं बोलणं वाटलं. मला मात्र कळलं, काठी कशासाठी पडायची हे ती जाणून होती.

"आणि शेवटी ते टेम्पोपाशी येतात?"

"मी टेम्पोत बसून वाट बघत होते. मला वाटलं, आज तरी येतील. नाही आले. मग गाण्यात आणलं."

"आणि घरमालक?"

"त्यांना तर मी कधी पाहिलंच नाही. बाबा एवढंच म्हणाले, मालकांनी खाली करायला सांगितलंय. राग कुणावर तरी काढायचा होता, म्हणून काळा चष्मा मीच घातला त्यांना."

सगळे हसले. भाऊंनी माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. "बघा साहेब! चष्मा नव्हताच!"

कार्यक्रमानंतर आम्हाला मागे नेलं. तिनं वाकून मला आणि बायकोला नमस्कार केला. "काकू, तुमच्या वड्या अजून आठवतात. गाण्यात वडी बसेना, म्हणून लाडू केले." मग ती माझ्याकडे वळली. मला वेळ देत होती. मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"तिकडे पाणी येतं का वेळेवर?" मी म्हणालो.

"कुठे, काका?"

"मुंबईत."

"येतं," ती म्हणाली.

नातीनं कपाळाला हात लावला. बायकोनं वर पाहिलं. तिथं छतही नव्हतं.

भाऊ माझ्याकडे पाहत होते. रागानं नव्हे, बस सुटायच्या आत कुणी येतंय का, असं आपण बघतो तसं. मग त्यांनी पेटी खाली ठेवली आणि हात जोडले. "ताई, मी तो घरमालक. पिंपळगावचा. खाली करायला मीच लावलं. तुमची दहावी होती, मला म्हाईत होतं. चुकलं आमचं."

ती गडबडली. तिनं त्यांचे हात धरले. "अहो आजोबा, असं नका करू. मीच तुम्हाला काय काय म्हटलंय." मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं आपला काळा गॉगल काढून त्यांना घातला. मुलं आनंदानं किंचाळली आणि चहूबाजूंनी फोटो निघाले. भाऊ गॉगलमध्ये इतके देखणे दिसत होते की दगडाचं काळीज त्यांनाच शोभलं असतं. तो फोटो नातवानं शाळेत नेला. आता पोरगं ऐटीत शाळेत जातं.

भाऊंनी आम्हाला गाडीनं घरी सोडलं. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. एक शब्द टोमण्याचा नाही. "गार लागतंय का वैनी? काच वर घेऊ?" एवढंच. आमच्या इमारतीपाशी त्यांनी मान वर करून आपल्या फ्लॅटकडे पाहिलं. "पोरगाच बघतो आता हे भाड्याचं. वर कोण हाय सध्या?"

"नवरा-बायको आहेत. कॉम्प्युटरवाले. आवाज नसतोच."

"बरं हाय मग तुम्हाला," ते म्हणाले, आणि गेले.

तेव्हापासून मी त्यांना अधूनमधून फोन करतो. "हां, बोला साहेब," ते म्हणतात. मी विचारतो, यंदा माल कसा आहे. ते सांगतात, थंडी लांबली, मण्यांना फुगवण नाही, टेम्पो मिळत नाहीत. मागे पॅकहाउसमध्ये बायकांचं बोलणं ऐकू येतं. "आणखी काही, साहेब?" ते विचारतात.

"नाही. सहजच."

आत झाकण आपटतं.

नात म्हणते, तुम्ही हे छापलंत तर ग्रुपमध्ये यावरही भांडण होईल, यात खरं किती आणि आबांनी रचलेलं किती. होऊ दे. दाढीवाल्याला हे आवडणार नाही, पण मी रूपक नाही. त्या टेम्पोत बसून जी वाट बघत होती तिला, आणि माझी चूक आपल्या अंगावर घेऊन ज्यांनी हात जोडले त्या भाऊंना, लॉन्सवर त्या संध्याकाळी मला एवढंच सांगायचं होतं, आणि ते बायकोनं छाटून दिलं होतं तितकंच आखूड होतं:

फोन मी केला. माझं चुकलं.