स्ट्रोलर नाय तर मी पण नाय

माझे सासरे जनार्दन साळवी यांनी आयुष्यात कधी कशाचा हट्ट धरला नाही. ताटात पडेल ते खातात, चहात साखर विसरली तरी चकार शब्द काढत नाहीत. म्हणून क्रूझला निघायच्या चार दिवस आधी जेवताना ते एकदम म्हणाले, "स्ट्रोलर न्यायचा. स्ट्रोलर नाय तर मी पण नाय," तेव्हा माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला.

ही क्रूझ म्हणजे दुबईला बोटीवर चढायचं, खसब बंदराला जायचं, मग मस्कत आणि परत दुबई. आम्ही राहतो अल खौदला, मस्कतमध्येच. म्हणजे चार तास गाडी हाणत दुबईला जायचं आणि तिथून पाहुण्यासारखं आपल्याच गावी यायचं! यावरून मी नवऱ्याची, प्रशांतची, भरपूर खेचली होती. पण बाबांना बोटीत बसवायचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

स्ट्रोलर, म्हणजे लेकीची बाबागाडी, नको हेही त्यानंच ठरवलं होतं. चौघांना मिळून एक खोली, तीही काडेपेटीएवढी. स्ट्रोलर बाहेर ठेवायला बंदी, आत उघडला तर आम्ही झोपायचं कुठं? आमची शिवांगी वीस महिन्यांची. चालते कसली, सुसाट पळते. दमली तर अंगाला बांधायची झोळी आणली होती. माझंही मत तेच होतं.

"बाबा, लहान मुलासारखं काय करताय?" प्रशांत म्हणाला.

"नेणार असशील तर सांग. नायतर मी घरी राहतो, तुम्ही जा," बाबा म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

रविवारी हे झालं. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. बाप बोलेना, लेक बोलेना, आणि मधल्या मधे माझं भरीत. शाळेत दिवसभर पोरांना ओरडून घसा बसलेला, त्यात घरी हे. मला तर वाटायला लागलं, खड्ड्यात गेली ती क्रूझ.

बाबा संगमेश्वरजवळच्या खेड्यातले. सत्तावीस वर्षं इथल्याच, ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत रिगर होते. रिगर म्हणजे क्रेनला माल बांधणारा माणूस. क्रेनवाला वर बसून दांडे ओढतो, पण माल कुठं बांधायचा, तोल कुठं धरायचा, हे खालचा रिगर ठरवतो. बाबांच्या हाताखालून कधी एक पाइपसुद्धा निसटला नाही, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. बायको-मुलगा गावाला. दोन वर्षांतून एकदा पंचेचाळीस दिवसांची सुट्टी. निवृत्त होऊन गावी गेले आणि तीन वर्षांत सासूबाई गेल्या. मग शिवू झाली, तेव्हा प्रशांतनं त्यांना इकडे बोलावून घेतलं.

तेव्हापासून सकाळी सात ते दुपारी अडीच शिवू बाबांकडे. आणि संध्याकाळी तिला स्ट्रोलरमध्ये घालून फेरी, कोपऱ्यावरच्या तय्यबभाईंच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत. तय्यबभाई श्रीवर्धनचे. त्यांनी दुकानाबाहेर बाबांसाठी एक खुर्चीच टाकून ठेवलेली. गप्पांचा अड्डा जमलाय, असं मी समजत होते.

एक तक्रार मात्र माझी होती. पोर हात वर करून "उच्चल, उच्चल" करत रडायची आणि बाबा तिला उचलायचे नाहीत. जमिनीवर बसायचे आणि म्हणायचे, "ये, तूच ये." मी प्रशांतला म्हटलंही होतं, "तुझ्या बाबांना नातीची माया आहे की नाही?" त्यावर तो म्हणाला, "मला तरी कुठं उचललंय कधी!"

बुधवारी संध्याकाळी मी ठरवलं, आज या स्ट्रोलरचा निकाल लावायचा. घडी करून गाडीच्या डिकीत मावतो का बघू, नाही मावला तर विषयच खलास. खालची जाळी रिकामी करायला वाकले, तर आत पाच-पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन. भरलेले, सीलसुद्धा न फोडलेले आणि दोरीनं असे करकचून बांधलेले की गाठ सोडवताना माझं नख तुटलं. भडकलेच मी. कॅन स्वयंपाकघरात नेऊन आपटले. या वयात हे असलं ओझं फिरवायचं कशाला? मग चाकं झिजली म्हणून परत आम्हीच रडायचं.

परत येऊन शिवूला कडेवर घेतलं. फेरीची वेळ झाली म्हणून बाबा खोलीतून भिंतीला हात लावत आले. ते तसेच यायचे. सवय असेल म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी स्ट्रोलरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर भार टाकला. पुढची चाकं वर उचलली गेली, स्ट्रोलर मागे उलटला आणि बाबा धाडकन खाली पडले.

"अगं आई गं!" मी किंचाळले. शिवू भेदरून रडायला लागली. तिला खाली ठेवून मी बाबांकडे धावले. लागलं नव्हतं फारसं, कोपर सोलपटलं होतं. पण त्यांना उठता येईना. उजवा पाय ते जवळ घ्यायचे, डावा तसाच पडून राहायचा.

"पाणी काढलंस त्यातलं?" एवढंच विचारलं त्यांनी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी शिवूसाठी नव्हतं. तो तोल होता. सत्तावीस वर्षं ज्यानं लोकांचा माल बांधला, त्यानं स्वतःला उभं ठेवण्यासाठी बांधलं होतं ते.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ महिने. डावा पाय ऐकत नाय. घरात भिंती हायेत, बाहेर ही गाडी."

आठ महिने! रोज साडेसात तास माझी पोर या माणसाकडे एकटी होती.

"आणि तुम्ही शिवूला उचलून..."

"नाय," बाबा घाईनं म्हणाले. "शिवूच्या गळ्याशपथ. आठ महिन्यांत एकदा पण उभ्यानं उचललं नाय तिला. पेलणार नाय तो भार आपण उचलायचा नसतो. बसतो खाली, तीच येते."

मला रडूही येत होतं आणि रागही. मायेबद्दल मी काय काय बोलले होते, ते आठवून शरम वाटत होती. आणि दुसऱ्याच क्षणी वाटत होतं, अरे पण गॅसजवळ गेली असती तर? दार उघडून पळाली असती तर? धावला असता का हा माणूस?

"प्रशांतला सांगू नको, पोरी. हात जोडतो."

का, ते विचारायची गरज नव्हती. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा प्रशांत म्हणाला होता, "बाबांचं असं काही झालं तर ते गावीच बरे. तिकडे काका आहेत. इथं आपण दोघं दिवसभर बाहेर." बाबा तेव्हा पलीकडे शिवूला भरवत होते. गावचं ते घर, दिवसातून दोनदा डबा आणून देणारे काका आणि फोनवर दिसणारी नात, याचं भय घेऊन ते आठ महिने वावरत होते.

मी त्यांना कसंबसं उठवून भिंतीशी उभं केलं. सांगीन असंही म्हटलं नाही, नाही सांगणार असंही म्हटलं नाही. खरं तर मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात दारात चावी फिरली.

प्रशांत आला तो हसतच. भांडण मिटवायचं असं ठरवूनच आला असावा. त्यानं शिवूला उचललं, हवेत एकदा उडवलं आणि सरळ बाबांपुढे धरलं.

"बाबा, घ्या बघू हिला. कापसासारखी आहे. कशाला हवाय तो स्ट्रोलर? तुमच्याच कडेवर मिरवू दे की बोटीवर!"

शिवूनं दोन्ही हात पसरले. "आबा, उच्चल!"

बाबांचा एक हात भिंतीवर होता, दुसरा आपोआप पुढे झाला. त्यांनी घेतलं असतं तर दोघंही माझ्या डोळ्यांदेखत पडले असते. बाबांनी नातीकडे पाहिलं आणि पुढे गेलेला हात हळूच मागे घेतला.

"नको. पेलवायची नाय मला."

"म्हणजे?"

"पाय गेलाय माझा. आठ महिने झाले."

प्रशांतनं शिवूला घट्ट छातीशी धरलं. "आठ महिने? आणि ही तुमच्याकडे होती? एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू ठेवली असतीस का माझ्यापाशी?" बाबा म्हणाले. "तुझ्या वेळेला तर मी नव्हतोच."

प्रशांतनं शिवूला माझ्याकडे दिलं, बाबांच्या काखेत हात घालून त्यांना सोफ्यावर आणून बसवलं आणि त्यांच्या पायांशी फरशीवर बसला. डावा पाय मांडीवर घेऊन दाबून बघत राहिला. "गावी नाही पाठवणार," तो खाली मान घालून म्हणाला. "उद्या निघायच्या आधी डॉक्टर. ते नको म्हणाले तर क्रूझ रद्द."

बाबांनी डोळे पुसले. पण खरी गोष्ट अजून कुणी बोललं नव्हतं, आणि ती मलाच बोलावी लागणार होती. मी आई आहे तिची.

"बाबा, परत आलो की शिवूला नर्सरीत घालू. एकटी नाही ठेवता येणार तुमच्याकडे."

हे बोलताना माझा जीव तुटत होता. त्यांनी चिडावं, मला चार शब्द सुनवावेत, असं वाटत होतं. पण ते लगेच मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी पण हेच केलं असतं."

मग थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले.

"परत आल्यावर ना?" त्यांनी विचारलं. "म्हणजे डॉक्टर हो म्हणाला, तर बोटीवरचे तीन दिवस हायेत अजून."

प्रशांत उठला आणि गाडीच्या डिकीत ठेवण्यासाठी स्ट्रोलरची घडी घालायला लागला.