आधी मी एक

माणसं मोजायला लागल्या की मेश्राम मावशी पहिलं बोट स्वतःच्या छातीवर टेकवायच्या. खणखणीत आवाजात "मी एक!" म्हणायच्या आणि मगच ते बोट बाकीच्यांवरून फिरवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एडिसनमध्ये, ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, ऑक्टोबरातल्या एका गार सकाळी. पांढरा पंजाबी ड्रेस, कानटोपी आणि वर पुरुषी मापाचं ढगळ निळं जाकीट. मी नवऱ्याच्या, निखिलच्या कानात पुटपुटले, "बाई भलतीच दिसतेय यार, सुरुवातच स्वतःपासून!" मावशींचे कान तिखट. "हो बाप्पा, स्वतःपासूनच," त्या म्हणाल्या. "तुझं नाव काय? सुजाता? तर सुजाता, तू दोन. बस व्हॅनमध्ये."

त्या मूळच्या नागपूरच्या. इकडे एका लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या, शेजारच्या पिस्कॅटवे गावात एकट्या राहायच्या. दरवर्षी पानं लाल व्हायला लागली की आमच्यापैकी जमेल तितक्या मराठी कुटुंबांना गोळा करून उत्तरेला, मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर घेऊन जायच्या. एडिसनहून गाडीने अख्खा दिवस लागतो. शेवटी एक छोटा पूल येतो आणि आपण बेटावर असतो. सगळीकडे गुलबट दगड, काळपट झाडं आणि हाडं गोठवणारा वारा. ही ट्रिप मुळात मेश्राम काकांनी सुरू केली होती आणि काका त्याच बेटावर वारले, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं विचारलं की जुनी मंडळी लगेच चहाचं बघायला उठायची.

गाइड म्हणून मावशी अगदीच रुक्ष होत्या. कॅडिलॅक डोंगरावर सूर्य समुद्रातून वर येई, लोकांचा श्वास अडके आणि मावशी म्हणायच्या, "उगवला. पोहे खाऊन घ्या." थंडर होलपाशी खडकाच्या कपारीत लाट शिरते, आतली हवा कोंडते आणि तोफ डागल्यासारखा आवाज होतो. पोरं नाचायची; मावशी समुद्राकडे पाठ करून कठड्यापाशी उभ्या राहायच्या आणि पुढे सरकणाऱ्याची कॉलर धरायच्या. जॉर्डन पाँडचं नितळ पाणी आणि पलीकडचे जुळे डोंगर बघून मी एकदा म्हणाले, "मावशी, इथेच राहावंसं वाटतं." "राहणाऱ्याले वाटत असेल का तसं?" असं म्हणून त्या चालू लागल्या. मला कशाचा काही संबंधच लागला नाही.

ऑटर क्लिफच्या कड्याखाली समुद्रात एक घंटा आहे. तरंगत्या पिंपाला बांधलेली, बोटींना खडक कळावा म्हणून. लाट आली की वाजते. तिला ना वेळ, ना ताल. ती ऐकू आली की मावशी बोलता बोलता थांबायच्या, दारावर कोणी आलं की आपण थांबतो तशा. पुन्हा वाजेपर्यंत पुढचं वाक्य बोलायच्या नाहीत. आम्हीही मग गप्प बसायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची.

शेवटचा दिवस नेहमी बार हार्बरचा. गाव गोड आहे, आइस्क्रीमची दुकानं, लॉबस्टरच्या पाट्या. तिथला एक उताराचा रस्ता सरळ समुद्रात उतरतो. ओहोटीला पाणी दोन्ही बाजूंना सरतं आणि खडीचा एक रुंद पट्टा उघडा पडतो, थेट समोरच्या छोट्या बेटापर्यंत. लोक चालत जातात, फोटो काढतात, परत येतात. भरती लागली की पट्टा पाण्याखाली जातो. मावशी स्वतः कधीच पलीकडे जायच्या नाहीत. आम्हाला पाठवायच्या, अलीकडे ताटकळत उभ्या राहायच्या, आम्ही आलो की "मी एक" करून मोजायच्या. मोजणी बरोबर निघायची. तरी निघायच्या नाहीत. शेवटचा दगड पाण्याखाली जाईपर्यंत तिथेच. एका वर्षी धुकं होतं. आम्ही सगळे व्हॅनमध्ये बसलो होतो आणि बाहेरून मावशींचा आवाज आला. दोन्ही हात तोंडाशी धरून त्या समोरच्या पांढऱ्या पोकळीत ओरडत होत्या, "अहो! सगळे आहोत! परत या!" पुन्हा. आणि पुन्हा. माझी मुलगी अन्वी तेव्हा लहान होती, ती मला बिलगली. "आई, हू इज शी कॉलिंग?"

एडिसनच्या काकू मंडळींना मावशींबद्दल आणखी एक तक्रार होती. त्यांच्या घरी जेवायला गेलं की त्या पहिलं ताट स्वतःचं वाढून घ्यायच्या. पाहुणे उभे आणि ह्यांचा भात, वरण, वांग्याची भाजी वाढून तयार! बसायच्या सगळ्यांबरोबरच, पण पहिलं ताट त्यांचं. "काय ही रीत!" असं परत येताना गाडीत दरवेळी कोणीतरी म्हणायचंच. मीही म्हटलंय.

मग एका रविवारी इथल्या बुद्धविहारातल्या काही बायका त्यांच्याकडे जमल्या होत्या. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. मावशींनी ट्रेकडे पाहिलं. "तुझा कप कुठे आहे?"

"राहू दे हो, मी मागाहून घेते."

त्यांनी माझं मनगट असं आवळलं की चहा हिंदकळला. दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं.

"त्या दिवशी बार हार्बरला धुकं होतं. सगळे बेटावरून परत आले होते, पाणी चढून राहिलं होतं. मी माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमी. पोरं इकडेतिकडे पळून राहिली होती, कोण नाही तेच कळेना. ह्यांना म्हटलं, अहो, एक कमी आहे. हे म्हणाले, 'थांब, मी बघून येतो.' मी कुडकुडत होती म्हणून जाकीट मला दिलं, बूट काढले अन् गेले. पाणी घोट्याएवढं तर होतं. मी म्हटलं, तोवर लोकांना चहा देऊ. थर्मास उघडला. कोणी राहिलं का, कोणी राहिलं का, विचारत गेली. कोणीच राहिलं नव्हतं, सुजाता. सगळ्यांच्या हातात कप होते. अन् एक कप माझ्या हातात उरला."

बाहेर बायका हसत होत्या. गॅसवर दूध वर आलं, मी बंद केलं.

"कमी होती ती मीच," मावशी म्हणाल्या. "जन्मभर ताटं मोजली ना. पाहुणे किती, पोरं किती. त्यात स्वतःला कोण धरते? आपण तर मागाहून बसणाऱ्या. मी किती ओरडली बाप्पा! सगळे आहोत, परत या! बोटी गेल्या, शोधलं, नाही मिळाले. ते तिकडे मला शोधून राहिले असतील, अन् मी इकडे चहा वाटून राहिली होती."

मला रडू फुटलं. त्या मात्र रडल्या नाहीत. त्यांनी फडताळातून एक कप काढला, चहाने भरला आणि माझ्या हातात दिला. "पहिले स्वतःला धर. तुमच्या आयांनी शिकवलं नाही, म्हणून मी शिकवून राहिली. पी."

विहारातली मंडळी वर्षानुवर्षं त्यांना सांगत होती की काकांचं पुण्यानुमोदन करून घ्या, मन मोकळं होईल. चार माणसं जमतील, वंदना होईल, गेलेल्याच्या नावे पुण्य अर्पण करून निरोप देऊ. मावशींचं उत्तर ठरलेलं, "ते मला शोधून राहिले आहेत. मी अजून सापडली नाही त्यांना. निरोप कसा देऊ?" मला तर हे ऐकून झोप यायची नाही. एवढी वर्षं त्या धुक्यात एक माणूस हाका मारत फिरतोय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मागच्या वर्षी त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. मी ट्रिप कॅन्सल करा म्हणाले, तर माझ्यावरच भडकल्या. बार हार्बरला ओहोटी लागली तेव्हा ऊन होतं. मावशींनी माझा दंड धरला. "चल." मला समजलं नाही. "पट्ट्यावर चल बाप्पा, पाहून काय राहिली!" आम्ही निम्म्यापर्यंत गेलो. खडीवर त्यांनी बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. मेणबत्ती वाऱ्याने टिकेना, निखिलने हातांचा आडोसा केला. आम्ही त्रिसरण, पंचशील म्हटलं. मग मावशी समोरच्या बेटाकडे पाहत, घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या, "अहो, मी सापडली. मी इकडेच होती." त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मागे फिरल्यावर त्यांनी माणसं मोजली आणि पहिल्यांदाच, पाणी चढायची वाट न बघता, व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. एडिसन आल्यावर ते निळं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. त्या हिवाळ्यात त्या गेल्या.

या ऑक्टोबरात ट्रिप मी नेली. मावशींसारखेच पोहे केले, थंडर होलला कॉलरी धरल्या, ऑटर क्लिफला घंटा वाजली तेव्हा सगळे आपोआप गप्प झाले. शेवटच्या दिवशी बार हार्बरला धुकं उतरलं. माणसं पट्ट्यावरून घाईघाईने परत आली. दगडांमधून पाणी चमकायला लागलं होतं. मी मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं. एक कमी. "निखिल," मी म्हणाले, "अरे, एक कमी आहे."

"थांब, मी बघून येतो," निखिल म्हणाला आणि बुटाच्या नाड्या सोडायला वाकला.

तेवढ्यात मागून अन्वी म्हणाली, "आई, यू डिडन्ट काउंट युवरसेल्फ."

निखिलने एक बूट काढला होता. मी त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली, इतकी घट्ट की तो ओरडला, "अगं, सोड!" मी सोडली नाही. मग एक हात सुटा करून बोट त्या निळ्या जाकिटावर, छातीवर टेकवलं. "मी एक," म्हणाले. आवाज फाटला. अन्वी माझ्याकडे बघतच राहिली. मी धुक्याकडे वळले आणि, पलीकडे कोणी नाही हे पक्कं माहीत असूनही, जिवाच्या आकांताने ओरडले, "सगळे आहोत! सगळे आहोत!"