सोजरची आंबील

मी आडवी झाले आहे, झोपलेली नाही. बाप्ये शेतातून यायचेत, जेवणं व्हायचीत. उद्या अहेव नवमी, नवऱ्याला मागं ठेवून गेलेल्या सवाष्णीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचा दिवस. उंबऱ्यावरून ऊन आत सरकतंय आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र डोळ्यांपुढं हलायला लागतं.

ते नातसुनेनं लावलंय. अनुजा चित्रकला शिकलेली. म्हणाली, "आजी, हा जुन्या काळचा फ्रान्सचा चित्रकार. वर्तमानपत्रात मोठ्यामोठ्यांची व्यंगचित्रं काढायचा, आणि मग अशी गोरगरिबांची चित्रं." चित्रात एक शेतकरीण. पोर अंगावर लावलंय आणि वाडग्यातलं कढण भुरकतेय, एवढा मोठा आ करून. मी म्हटलं, "काय हावरी बाई! हिच्या घरचे बाप्ये जेवले का?" अनुजानं मांडीवरचं बाळ सावरलं. तिचंही बाळ अंगावर पितं, आणि आमच्यात बायका मागून बसतात.

चित्रातली चूल धुरतेय. मी पाऊल टाकते तर भुई आमचीच, शेणानं सारवलेली. खिडकीबाहेर मात्र त्यांच्या मुलखाचं करडं आभाळ. बाई मान वर करते. ती सोजर आहे, माझी सून. जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

"या आत्याबाई. पाव्हणीसारख्या उभ्या का?"

तिच्या मांडीवर माझा नातू सुदाम, आठ महिन्यांचा. तोच सुदाम आता बाप झालाय, हे मला तिथंही ठाऊक आहे.

"बरी आहेस का गं?"

"भूक लागलीया."

"भूक? दर वर्षी तुझ्या नावानं पुरणाचं ताट वाढते. वर खण. काय कमी केलं मी?"

"जेवू कुणाला घालता?"

"पाटलीणबाईंना. ऐऱ्यागैऱ्या बाईला नाही बसवलं तुझ्या पाटावर."

सोजर हसते. "ती घरनं जेवूनच येती, आत्याबाई. दोन घास चिवडती न् ढेकर देती. माझ्यापतुर काय येनार?"

मेल्यावरही उलटून बोलते! मी तोंड उघडते, तर चूल खळ्यावर आहे. ज्वारीची मळणी चाललीय, बाप्ये बैलांमागं फिरतायत. सोजरच्या हातात आंबिलीचा वाडगा आहे आणि मी तिच्याकडं निघालेय, कमरेला पदर खोचून, ताठ. पुढं काय होणार ते मला माहीत आहे. त्या दिवशी बाप्ये जेवायचे होते म्हणून मी तो वाडगा तिच्या तोंडापासून ओढून घेतला होता. त्या दिवशी, आणि कितीतरी दिवस. पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. लोक म्हणाले, ताप. मीही तेच म्हणत आले.

"घ्या," सोजर वाडगा पुढं करते. "रीत हाय न्हवं."

मी घेते. कढत आहे. तिच्या ओठांना लावते.

"पी. बाप्ये थांबतील."

"कुनी बोललं तर?"

"माझ्यापुढं कोण बोलतंय?"

ती पिते, चित्रातल्या बाईसारखीच, भुरके मारत. चुकले, असं मी उभ्या जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. आत्ता म्हणते की नाही, मला कळत नाही. सोजर वाडगा खाली ठेवते आणि माझ्या पदराला तोंड पुसते. जिवंतपणी त्या पदराला हात लावायची तिची छाती नव्हती.

"उद्या कुनाला बशिवनार?"

डोळे उघडतात. ऊन होतं तिथंच आहे. चित्रात परकी शेतकरीण. आत बाळ रडतंय, अनुजा बाप्यांची ताटं वाढतेय.

"ठेव ते खाली. आधी तू जेव."

"आजी, हे आत्ताच आलेत शेतातनं…"

"आले तर बसू देत. आणि उद्या सोजरच्या पाटावर तूच बसायचं."

"घरचीच सवाष्ण बसवतात होय कुठं?"

"मी बसवते. पाटलीणबाईंना निरोप धाड, म्हणावं म्हातारीचं डोकं फिरलंय."

ती पाट ओढते. मी उठताना पदर सावरते, तर टोक ओलं लागतं. बोटांना चिकट. नाकाशी नेते. आंबूस वास, ज्वारीच्या दोन कण्या.

सोजर गेल्यापासून या घरात आंबील शिजलेली नाही.