खुडूक बसलेली तांबडी

निवृत्तीनंतर वडिलांनी नेकनूरच्या घरामागे कोंबड्या पाळल्या. गावरान कोंबड्यांत मोठ्या अंगाचा, सुधारित जातीचा कोंबडा सोडायचा आणि होणारी मिश्र पिलं वाढवायची. पिलं झपाट्याने वाढत, पुढे अंडीही भरपूर देत. पण त्यांतली एकही खुडूक होऊन उबवायला बसत नसे. त्यासाठी जुनी गावरान कोंबडीच लागे.

"बापाकडची अंडी आणि आईकडची ऊब, एकीत तरी उतरावी," असं ते म्हणायचे. तशी कोंबडी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

ते गेल्यावर महिन्याभरात उरलेली एकुलती गावरान कोंबडी मुंगसाने नेली. कोंबडा आणि तीन मिश्र कोंबड्या उरल्या. त्यांतली एकही बसली नाही, तर वडिलांचं हे काम तिथेच संपणार होतं.

थंडीत एका सकाळी त्या तिघींतली तांबडी खुराड्यातून उठेना. हात घातला तर पिसं फुलवून तिने चोच मारली. वडील अशा वेळी एक दिवस वाट बघत. टिकून बसली तरच अंडी ठेवत. मीही तेच ठरवलं आणि बीडला शाळेत शिकवायला गेले.

संध्याकाळी परतले तर वडवणीची आत्या आलेली. ती अंगण झाडत होती. तांबडी डालग्याखाली, चिंब ओली.

"रिकाम्या खुराड्यात बसून ऱ्हायलीती बया. बादलीत दोनदा बुडवून काढली. आता उतरंल खूळ, चार दिसांत परत अंडी घालाया लागती बघ."

मी डालग्याशी वाकले.

"तोंड कावून पाडलंस गं?"

तांबडी बसायला का हवी होती ते मी सांगितलं. आत्या झाडू घेऊन तशीच खाली बसली.

"मला काय ठावं, माय," ती म्हणाली. मग झाडूच्या काड्या सारख्या करत, "लहानपणी दादाच, तुझा बाप, बुडवायचा खुडूक कोंबड्या. त्यानंच शिकवलं मला."

आम्ही तांबडीला आत्याच्या शालीने कोरडं केलं, तिच्याखाली अंडी ठेवली, खुराड्यावर पोतं टाकलं.

सकाळी उठले तेव्हा तांबडी उकिरड्यावर चरत होती. आत्या खुराड्यासमोर उकिडवी बसली होती, एक हात आत अंड्यांवर.

"कोमट हायेत गं अजून," ती म्हणाली.

मी हात लावून पाहिलं. तिच्या तळव्याखाली होतं, तेवढंच एक कोमट होतं.