अडतीस बाइटांचा फरक

आधीच सांगतो, भूतबित, करणी यांवर माझा तसूभरही विश्वास नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर नाहीच... तो चुकत नाही, चुकतो आपण. तरीही हे लिहितोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावहून धुळ्याला येऊन मी माझ्या मित्राच्या – दिलीपच्या – फोटो स्टुडिओसाठी प्रोग्राम लिहीत होतो. स्कॅन केलेला जुना फोटो वाचायचा आणि मी स्वतः बनवलेल्या स्ट्रीममधून – फोटोचे बाइट, म्हणजे आकडे, एकामागून एक वाहून नेणाऱ्या कोडमधून – नव्या फाइलीत उतरवायचा. पहिले आठ दिवस फोटोतल्या सगळ्यांची तोंडं तिरपी! दहा किमतीचा बाइट आला की स्ट्रीम त्याला ओळीचा शेवट समजायची आणि त्याच्याआधी तेराचा एक जादा बाइट घुसडायची. फाइल बायनरीत, म्हणजे मजकूर न समजता नुसते आकडे म्हणून, उघडायला मीच विसरलो होतो. ते दुरुस्त केलं, दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहिल्या – फरक शून्य. दिलीपने खूश होऊन भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनगीरच्या एक अक्का आल्या. वारलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले.

"नातू म्हनतस, आबा झोपेल शे," अक्का म्हणाल्या. "डोया उघडता येतीन का, भाऊ?"

दिलीप म्हणाला, ब्रशने रंगवून देतो.

"ब्रशना डोया नको. त्या दुसराना दिसतीन."

मला फार वाईट वाटलं. फोटो मोठा छापून तेवढा देतो म्हटलं.

स्कॅन केला, प्रोग्राम चालवला, सवयीने फाइली ताडून पाहिल्या. लांबी तीच, पण अडतीस बाइट वेगळे. मी वैतागलो. पुन्हा ताडून पाहिल्या – अडतीसच. शेवटी नवी फाइल स्क्रीनवर उघडली... आबांचे डोळे उघडे होते. डाव्या बुबुळावर एक पांढरा ठिपका. दिलीपने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

ठिपका तरी नक्कीच चूक, म्हणून मी अक्कांची माफी मागायला लागलो.

"चूक नही शे," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या डोयाले कपाशीनी काडी लागेल व्हती."

आम्ही दोघांनी आबांना कधी पाहिलंही नव्हतं.

छापलेला फोटो अक्कांनी पदराने पुसला आणि आमच्याकडे न बघता फोटोलाच म्हणाल्या, "चाला घर."

त्या गेल्यावर तोच स्कॅन मी वीसेक वेळा उतरवला. दर वेळी फरक शून्य, डोळे मिटलेले. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, काही सापडलं नाही. कुणाला कारण माहीत असेल तर असू दे... मी मात्र शोधणं मुद्दामच सोडून दिलं. चूक सापडली असती, तर मी ती दुरुस्त केली असती.