दुखण्याच्या अलीकडे

आमच्या वाडीत धाकूइतका हट्टी माणूस दुसरा नाही आणि त्याच्याइतका गोडही नाही. म्हणून तर त्याचा राग येतो आणि त्याला धड रागावताही येत नाही.

लोकांच्या बागांतले आंबे काढून देणं हा त्याचा धंदा. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात फांदी मोडली आणि धाकू आंबे उतरवायच्या झेल्यासकट खाली कातळावर आपटला. मेहुण्याने त्याला मुंबईला नेलं. हाड शाबूत होतं, पण कंबरेतलं दुखणं काही जाईना. तिथल्या इस्पितळातल्या एका बाईंनी त्याला अगदी हलका व्यायाम शिकवला. उताणं पडायचं, गुडघे उभे ठेवायचे, श्वास सोडता सोडता पोट आत घेऊन कंबर जमिनीला टेकवायची. मग एक टाच हळूच पुढे सरकवायची आणि परत आणायची. बस्स, एवढंच. बाईंचं सांगणं होतं की दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, आणि वर्षभर खांद्यावर ओझं घ्यायचं नाही.

घरी आल्यावर धाकू रोज सकाळी पडवीत घोंगडी पसरून हे करू लागला. आमच्याकडे व्यायाम म्हणजे दंडबैठका. घाम निघाला नाही तर तो कसला व्यायाम? लोकांची फुकटात करमणूक झाली. त्याचा चुलतभाऊ रावजी तर येता-जाता विचारायचा, "काय धाकू, आज लोळून झाला काय?" धाकू हसून सोडून द्यायचा. त्याची बायको हौसा मात्र हसत नसे. ती शेजारी बसून त्याच्या कंबरेखाली हात सरकवून बघायची आणि कंबर टेकली की मान हलवायची. मी शेजारचाच, त्यामुळे हे रोज दिसायचं, आणि बघून बरं वाटायचं.

पावसाळा सरला तेव्हा धाकू काठीशिवाय चालत होता. दिवाळीनंतर एक दिवस तो मांडी घालून जेवायला बसला, तेव्हा हौसा चुलीपुढे तोंड फिरवून रडली. येत्या हंगामात नाही, पण त्याच्या पुढच्या हंगामात आंब्याच्या कलमावर चढणारच, असं तो छातीठोक सांगू लागला. आम्हालाही ते खरं वाटू लागलं.

मग शिमगा आला. देवीची पालखी घरोघर फिरते, आणि ज्या घराच्या अंगणात ती येते त्या घरच्या कर्त्या पुरुषाने ती खांद्यावर घेऊन नाचवायची, ही आमची रीत. हौसाने आधीच बजावलं होतं, "तुमी निस्ता नमस्कार करा. रावजी भावोजी नाचवतील." मीही तेच सांगितलं. धाकूने मान डोलावली. पण ढोल वाजले, पालखी अंगणात आली आणि हा बाबा पुढे झालाच. काय नाचला! टिंगल करणारा रावजीसुद्धा डोळे पुसत होता. मला मात्र बाईंनी सांगितलेलं वर्ष आठवत होतं; ते अजून सरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला अंथरुणावरून उठता येईना.

"त्या लोळन्यानंच कंबर नरम पडली," धाकू म्हणाला, आणि ती घोंगडी त्याने माळ्यावर टाकायला लावली. हौसाने ती वर टाकली. पालखीचं नाव घेणं म्हणजे देवीला बोल लावणं.

तीन-चार वर्षं अशीच गेली. धाकू कंबरेत वाकला तो वाकलाच. कलमांवर आता रावजी चढतो आणि हौसा लोकांच्या बागांत गवत कापायला जाते. अशा माणसाची अशी दशा व्हावी, याची हळहळ मला अजून वाटते. परवा न राहवून त्याला म्हटलं, "धाकू, एकदा त्याच व्यायामाने उठला होतास. पुन्हा कर की. अजून वेळ गेलेली नाही."

तो अंगणाकडे बघू लागला.

"केला आनि बरा झालो, तर?"

"तर काय? चांगलंच की!"

"मग माजी कंबर लोळन्यानं नाय, पालखीनं मोडली आसा व्हईल ना."

आत हौसाचा भांडी घासायचा आवाज थांबला होता.